पान एकशे बारा

गायवाडीतल्या छापखान्यात मी सव्वीसची असताना
दुसऱ्या प्रुफाला आली ती कादंबरी:
शनीच्या कड्यांत अडकलेलं यान,
हवा दीड माणसाला पुरेल एवढी,
आणि आत दोघी.
कप्तान मघा तांडेल. मेकॅनिक फिलोमिना.

शंभराव्या पानापुढे लेखकाचा हात थरथरला असावा,
हस्तलिखितात शाई पसरली होती.
तिने तिचा हात तिच्या हातात घेतला.
मी समासात लिहिलं: कोणी? कोणाचा? कोणाच्या?
व्याकरणाला ठाऊक नव्हतं.
मला होतं.

भिवा घाडी खिळ्यांच्या केसमागून ओरडला,
"बाई, वेलांट्या संपल्या! खण रिकामा!
या पुस्तकात पुरुष नाहीत काय वो?"

मालक शेजवलकर चष्मा पुसत म्हणाले,
ग्रंथालयांची ऑर्डर जाईल. एकीचा तो करा.
फार नाही, काना-मात्रेचं काम.

केलं. पगार सात तारखेला होता.
फिलोमिनाचा फिलिप झाला.
एक अक्षर वाचलं म्हणून ओळी सैल पडल्या,
त्यांच्यात भिवाने शिशाचे तुकडे ठोकले.
हसलीचं हसला, रुसलीचं रुसला.
हेल्मेट काढल्यावरची तिची ओली मान त्याची झाली,
मान मात्र स्त्रीलिंगीच राहिली,
तिला कोणाचा बाप हात लावू शकला नाही.
त्रेसष्ट जागा. मोजल्या, कारण मोजणं माझं काम.

एक सोडली.
चुकून म्हणा. मालकांना मी तसंच म्हटलं.
पान एकशे बारा, खालून चौथी ओळ:
यानाबाहेर काळोख, एकच नळी, आळीपाळीने श्वास,
आणि फिलिप म्हणतो,
"मघा, मी दमले गं."

आठ महिन्यांनी पोस्टकार्ड आलं.
स. न. वि. वि.
पान ११२ वर मुद्रणदोष आढळला.
दुसऱ्या आवृत्तीत कृपया तो तसाच ठेवावा.
कळावे. यमुना केणी,
टेलिफोन एक्स्चेंज, माझगाव.

दुसरी आवृत्ती निघाली नाही.
मी निघाले. चार वाजता, डोकं दुखतंय सांगून.
शिपायाला म्हटलं, प्रूफ द्यायचंय.
आत भोकाभोकांची भिंत, लुकलुकते दिवे,
कानांवर हेडफोन चढवून एक बाई
नाशिक, कणकवली, नंदुरबारशी एकदम बोलत होती.
एक कान मोकळा करून म्हणाली, कोण हवंय?
मी म्हणाले, एकशे बारा.

तिने हातातली वायर उपसली.
नंदुरबारचं कोणीतरी अर्ध्या वाक्यात तुटलं.
त्याचं मला अजून वाईट वाटतं.

आता चेंबूर. चौथा मजला, लिफ्ट बंद.
खिडकीत रिफायनरीची ज्योत.
यमुना तिला शुक्र म्हणते, रोज,
आणि मी रोज दुरुस्त करते.
सोसायटीच्या रजिस्टरात आम्ही बहिणी आहोत,
आडनावं वेगळी, तरी.
तोही मुद्रणदोष. तसाच ठेवलाय.

यंदा तिच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं.
महिनाभर वाचायचं नाही, वाकायचं नाही, रडायचं नाही.
म्हणून मी वाचते, हातात पेन्सिल.
काना खोडायचा, मात्रा खोडायची, वेलांटी द्यायची.
कागद पिवळा, टोक जपून टेकवावं लागतं.
रात्रीला दोन पानं, कधी तीन.
फिलिप हळूहळू परत येते आहे.

काल एकशे बारा आलं.
पेन्सिल लागली नाही.
"पुन्हा वाच," ती म्हणाली.
मग मी म्हणाले, "पुन्हा?"
मग कोणीच काही म्हणालं नाही,
खाली कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली.

पुढे टायटनवर उतरताना यानाचा पाय मोडतो
आणि पुढच्याच पानावर तो धडधाकट असतो.
ती लेखकाची चूक.
मी हात लावलेला नाही.